चप्पल घालून तपासलेला कूलर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रविंद्र लोणारे जरीपटक्यातल्या एका कापड व्यापाऱ्याच्या गच्चीवर उकिडवा बसून कूलरच्या ताटीतली जुनी खस उपसत होता. गेल्या उन्हाळाभराच्या खाऱ्या पाण्याने खस दगडासारखी होते. पेचकसाने खरवडली की तिची भुकटी उडते, म्हणून त्याने नाकातोंडावरून दुपट्टा गुंडाळला होता. नव्या खसचं पुडकं शेजारी उघडून ठेवलं होतं.

एप्रिलचा मध्य ही नागपुरात या धंद्याची सुगी. होळी झाली की फोन सुरू होतात. खस बदला, पंप बघा, पंख्याचा आवाज येतो आहे. एरवी या दिवसांत रविंद्र ऊन चढायच्या आत चार-पाच घरं उरकतो. आज मात्र त्याने हे एकच घर घेतलं होतं, कारण अकरा वाजता त्याला सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात हजर राहायचं होतं आणि त्याआधी एका म्हाताऱ्या माणसाला घरून घ्यायचं होतं.

ताट्या बसवून, टाकीत पाणी सोडून त्याने बटण दाबलं. टेस्टर पत्र्याला टेकवून पाहिला. मग चप्पल काढली, सांडलेल्या पाण्यात अनवाणी उभा राहिला आणि उजव्या हाताची पालथी बाजू कूलरच्या पत्र्याला लावली. चहा घेऊन आलेला व्यापारी जागीच थबकला. हे काय करता, असं त्याने हिंदीत विचारलं. रविंद्रने चप्पल पायात सरकवली आणि तुमच्या घरचे लोक अनवाणीच फिरतात ना, एवढंच म्हणाला.

मिस्त्री पालथा हात लावतात त्याला कारण आहे. करंट लागला की मूठ आवळते. तळहाताने धरलेलं लोखंड सुटत नाही, पालथा हात झटक्याने मागे येतो. ही अक्कल कूलरवाल्याला पहिल्याच उन्हाळ्यात येते. चप्पल काढायची अक्कल सहसा कुणाला येत नाही. रबरी चप्पल पायात असेल तर पत्र्यात उतरलेला करंट हाताला नीट कळत नाही, हे माहीत सगळ्यांना असतं. पण दिवसाला पाच कूलर लावणारा माणूस पाच वेळा चप्पल काढत बसत नाही. रविंद्रही तीस वर्षं काढत नव्हता.

त्याचं घर जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत आहे. जागेचा पट्टा त्याच्या आणि बायकोच्या, जयाच्या, जोडनावावर. खाली दोन खोल्या, वर एक खोली, मोरी आणि पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. वरची खोली त्याने दर उन्हाळ्याच्या कमाईतून थोडी थोडी करून बांधली. एका वर्षी भिंती, दुसऱ्या वर्षी स्लॅब, तिसऱ्या वर्षी दार. त्याला पेन्शन नाही. जया महापालिकेच्या शाळेत खिचडी शिजवते, तिलाही नाही. म्हातारपणी वरच्या खोलीच्या भाड्यावर भागवायचं, असा दोघांचा हिशेब होता. खोली कूलरसहित मिळेल, असं तो भाडेकरूंना सांगायचा. नागपुरात या एका शब्दावर खोली चार दिवस आधी उठते.

२०२२ साली त्या खोलीत प्रशिक आणि रोशनी गजभिये हे जोडपं राहत होतं. प्रशिक मिहानमधल्या एका गोदामात ठेक्यावर होता. रोशनी घरीच पार्लर चालवायची. पाटी नव्हती, तरी वस्तीतल्या पोरी भुवया करायला तिच्याकडेच जिना चढत. दोऱ्याचं एक टोक दातात आणि दोन्ही हातांच्या बोटांत ताणलेला दोरा, तिचं काम पाच मिनिटांत होई. भाडेपत्र केलं नव्हतं. एकाच विहारात बसणारी माणसं, त्यांच्याशी स्टॅम्पपेपर कसला करायचा, असं रविंद्रला वाटलं होतं.

त्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर होता. एका दुपारी रोशनीने गॅलरीतल्या कूलरमध्ये पाणी भरायला स्टूल घेतलं. बटण चालू होतं. फरशी ओली होती, पायात काही नव्हतं. तिने मागची ताटी काढायला पत्र्याची कड उजव्या हाताने धरली आणि तो हात सुटला नाही. आत झोपलेल्या प्रशिकने आवाज ऐकला, बाहेर येऊन लाकडी पाटाने वायर तोडली. ती स्टुलावरून खाली पडली. जीव वाचला. तळहात आणि दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. दोन शस्त्रक्रियांनंतरही ती दोन बोटं वाकलेलीच राहिली.

पंपातलं पाणी आतल्या वायरीला लागलं होतं, आणि पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. वरच्या खोलीला अर्थिंग नव्हतं. प्लगला तीन पिना होत्या, पण तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. वस्तीतल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा आहे. अंगणात खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करायचं रविंद्रच्या मनात होतं. दर उन्हाळ्यात तो दुसऱ्यांच्या घरी असायचा.

त्या संध्याकाळी रुग्णालयातून परतल्यावर त्याने पहिलं काम केलं ते कूलर खोलायचं. पंप काढला, वायर ओढून काढली, पत्रा कापून भंगारात टाकला. झटका मारलेला कूलर उभा ठेवायचा नाही, हा या धंद्यातला नियम आहे. उद्या दुसरं कुणी हात लावेल. पोलीस येऊन नोंद करून गेले, पण तेव्हा गॅलरीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. वस्तीत भांडण झालं की ते आधी तिथे जातं, पोलिसांत नंतर. बैठक धम्मानंद गुरुजींनी बोलावली. शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर, वस्तीतल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. त्रिशरण-पंचशील झालं, आणि गुरुजींनी रविंद्रला काय घडलं ते सांगायला सांगितलं. खोटं बोलणार नाही असं म्हणून माणूस नुकताच बसलेला असतो. साठ-सत्तर माणसांपुढे रविंद्रने उभं राहून सगळं सांगितलं. उपचाराचा खर्च मी करीन, भाडं घेणार नाही, असंही तो म्हणाला. बायका रडल्या. प्रशिकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामला मिटला, असं सगळ्यांनी धरलं.

रविंद्रने शब्द पाळला, जमेल तेवढे महिने. पण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी निघाली. रुग्णालयाच्या फेऱ्यांत प्रशिकचे खाडे झाले आणि ठेकेदाराने त्याला काढलं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत त्याला दुसरं काम मिळालं, तेव्हा दोघं खोली सोडून तिकडे गेले. जाताना रोशनीने जयाला मिठी मारली होती. वर्षभराने वकिलाची नोटीस आली. नोटिशीतला आकडा घराच्या किमतीच्या पुढचा होता.

रविंद्रने नोटिशीला उत्तर दिलं नाही. ती घेऊन तो गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, मी प्रशिकशी बोलतो. ते बोलले, प्रशिकने ऐकून घेतलं, आणि मुदत संपल्यावर दावा दाखल झाला.

अशा वेळी घरमालकाने काय करायचं असतं, ते वकील श्वेता काळबांडे यांनी त्याला पहिल्या भेटीत सांगितलं. ते ऐकता ऐकता रविंद्रला कळत गेलं की आपण नेमकं उलटं केलं. भाडेपत्र असायला हवं होतं, आणि त्यात पाणी भरताना बटण बंद ठेवण्याची सूचना. कूलरला हात न लावता फोटो काढून ठेवायला हवे होते, विजेच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यायला हवी होती. कूलरच नसल्यावर पंपात भाडेकरूने काही फेरफार केला होता का, हे कसं दाखवणार? घराचा विमा आहे का, ज्यात दुसऱ्याला झालेली इजा धरतात? रविंद्रने असा विमा असतो हेच पहिल्यांदा ऐकलं. नोटिशीला उत्तर द्यायला हवं होतं. आणि चूक कुणाची यावर कुणाहीपुढे बोलायला नको होतं.

"कुणापुढे बोललात का?" श्वेता यांनी विचारलं.

"विहारात बोललो."

"किती जण होते?"

"सगळेच होते, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. समेटासाठी झालेली बोलणी न्यायालयात आणायची नाहीत अशी अट आधी ठरलेली असेल तर काही करता येतं, असं त्यांनी समजावलं. तशी अट कुणी घातली होती का? रविंद्रला प्रश्न समजायलाच वेळ लागला. विहारात पंचशील घेतल्यावर उभं राहून, मी आता जे सांगणार ते बाहेर सांगू नका, असं म्हणणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता.

बचावाला एकच धागा होता. बटण चालू ठेवून ताटी काढली ही भाडेकरूचीही चूक. रविंद्रने तिला सांगितलं होतं, अनेकदा सांगितलं होतं. पण तोंडी, जिन्यातून जाता-येता. आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः कूलरचा मिस्त्री. साध्या घरमालकाला अर्थिंग कळत नाही असं म्हणता येतं, तुमच्याबद्दल तेही म्हणता येत नाही, असं श्वेता म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. हातात काय आहे ते त्या बघत होत्या, आणि फारसं काही नव्हतं.

दावा रेंगाळत चालला. तारखा पडत गेल्या. यंदाच्या मार्चमध्ये समोरच्या वकिलाने एका साक्षीदाराला समन्स काढलं. धम्मानंद गुरुजी.

श्वेता यांनी फोनवर सांगितलं की ते वयस्कर आहेत, चार वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दशः आठवत नाही असं कुणीही म्हणू शकतं. यापुढे त्या बोलल्या नाहीत. रविंद्रने फोन ठेवला तेव्हा जया तांदूळ निवडत होती. फोनवरचं बोलणं तिने ऐकलं होतं.

"जा ना मंग गुरुजींकडं."

"काय म्हणू जाऊन?"

"काई नको म्हणू. त्याईचा कूलर बाकी आहे ना? खस बदलून ये. त्याईले समजन."

तो गेला. गुरुजींच्या खोलीच्या खिडकीत लहान कूलर होता. रविंद्र खिडकीबाहेर उभा राहून ताटीत खस भरत होता आणि गुरुजी आत खाटेवर वर्तमानपत्र धरून बसले होते. दोघांच्या मध्ये कूलरचं उघडं खोकं होतं. हवामानाची, गुरुजींच्या गुडघ्याची, गुडघ्याच्या डॉक्टरची थोडी चौकशी झाली. मग गुरुजींनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"तू काहून आला ते मले समजलं, रविंद्र."

रविंद्रने सुतळीची गाठ मारली.

"मी खोटं बोलणार नाही. खरं बोललो त तुहं घर जाईन. दोन्ही मले समजते. आता तूच सांग गा, मी काय करू?"

रविंद्र म्हणाला की काही करू नका. ताटी बसवून त्याने बटण लावलं, चप्पल काढून हात लावून पाहिला आणि पैसे न घेता निघाला. घरी जयाने काय झालं विचारलं. खस भरली, म्हणाला.

आज सकाळी त्याने ज्या म्हाताऱ्या माणसाला घरून घेतलं, ते गुरुजीच. समन्स प्रशिकच्या वकिलाचं, पण प्रशिक कळमेश्वरहून बसने येणार, गुरुजींना न्यायालयापर्यंत न्यायला कुणी नाही, आणि सकाळच्या उन्हातही ऑटोसाठी चौकापर्यंत चालणं त्यांच्या गुडघ्याला झेपत नाही. आदल्या दिवशी गुरुजींनी फोन करून विचारलं होतं, तू जातच असशील ना? रविंद्र हो म्हणाला. स्कूटरवर मागे बसलेल्या गुरुजींनी वाटभर त्याचा खांदा घट्ट धरला होता. कडबी चौकात सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले की सकाळचा नाश्ता राहिला. रविंद्रने स्कूटर कडेला घेतली. दोघांनी एका ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले आणि पुढे गेले.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर श्वेता यांनी दोघांना एकाच स्कूटरवरून उतरताना पाहिलं.

"समोरच्या पक्षाचा साक्षीदार तुम्ही आणलात?"

"त्याईचे गुडघे दुखते, मॅडम."

श्वेता यांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.

साक्ष अर्ध्या तासात झाली. न्यायाधीश प्रत्येक वाक्य थांबवून टंकलेखकाला सांगत होते, त्यामुळे गुरुजींना शाळेतल्या श्रुतलेखनासारखं हळू बोलावं लागलं, आणि ते त्यांना चांगलं जमत होतं. बोलीतलं बोलणं त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं. समोरच्या वकिलाने विचारलं, प्रतिवादी त्या बैठकीत काय म्हणाले?

"तो म्हणाला, कूलर मी लावला होता. वरच्या खोलीला अर्थिंग नव्हतं, ते मला माहीत होतं. तपासताना पायात चप्पल होती, त्यामुळे मला करंट कळला नाही. पोरीचा हात माझ्यामुळे गेला."

"हेच शब्द?"

"हेच. मी पुढेच बसलो होतो."

श्वेता यांनी उलटतपासणीत होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. बैठक समेटासाठी होती ना? होती. वातावरण भावनिक होतं ना? होतं, बायका रडत होत्या. अशा वेळी माणूस वाद मिटावा म्हणून स्वतःवर जास्तीचं ओढून घेतो, हे खरं ना?

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. ते विचार करत होते. रविंद्रला त्या क्षणी कळलं की हे हो म्हणू शकतात. प्रश्न असा होता की त्याला हो म्हटलं तर ते खोटं ठरणार नव्हतं. माणसं खरंच तसं करतात.

"माणसं करतात," गुरुजी म्हणाले. "रविंद्रने केलं नाही. तो होतं तेवढंच बोलला."

न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सांगितलं. कळफलक वाजला.

बाहेर व्हरांड्यात गुरुजी बाकावर बसले. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. रविंद्र जवळ गेला तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "मले सोडून देतं का गा, का मी ऑटोनं जाऊ?" रविंद्र म्हणाला थांबा, थोडं काम आहे, मग सोडून देतो.

काम म्हणजे श्वेता यांच्याशी बोलणं. त्यांनी आडवळण घेतलं नाही. कबुली आता नोंदीवर आली, आणि ती समोरच्याच्या तोंडून नाही, तुमच्या बाजूला कल असलेल्या माणसाच्या तोंडून आली. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण कसा लागेल ते सांगायला ज्योतिषी नको. हुकूमनामा झाला की घरावर जप्ती येईल, लिलावात कवडीमोल होईल. त्यापेक्षा आजच मध्यस्थीला बसू. ते कमी घ्यायला तयार होतील, कारण त्यांनाही पैसे आता हवे आहेत, पाच वर्षांनी नाही. अपील करता येईल का, असं रविंद्रने विचारलं. येईल, त्या म्हणाल्या. तुम्ही तोवर साठीच्या पुढे असाल, आणि माझी फी तर तुम्हाला आताच जड जाते आहे.

मध्यस्थी केंद्रासमोरच्या बाकावर रोशनी बसली होती. प्रशिक वकिलाबरोबर आत गेला होता. तिने ओढणी उजव्या हातावर घेतली होती. रविंद्र तिच्यापासून थोडा दूर बसला. त्याने विचारलं, बरं आहे का? तिने मान हलवली. जयाकाकू कशी आहे, तिने विचारलं. बरी आहे, म्हणाला. मग त्याला वाटलं की आता बोललं नाही तर पुन्हा बोलता येणार नाही.

"घर विकल्याशिवाय होत नाही, बेटा. पट्टा एकच आहे. वरचं वेगळं इकता येत नाही."

"मले मालूम आहे, काका."

"तू प्रशिकले सांगून पाय. मी जमन तसं देत राहीन. दर उन्हाळ्यात."

रोशनीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे लवकर तडजोड केल्याने वेळ आणि पैसा वाचतो, अशा मजकुराचा फलक होता.

"तुमी वाईट आहा असं मी कुठं म्हणून राहिली? अजून बी कोणी विचारलं त मी सांगते, काका चांगले होते. पण चांगुलपणानं दोरा पकडता येत नाही." तिने ओढणी सारली आणि हात दाखवला, रागाने नाही, डॉक्टरला दाखवावा तसा. दोन बोटं आत वळलेली होती. "कळमेश्वरले मी एका हॉटेलात पोळ्या लाटून पाह्यल्या. पाच दिवस. लाटणं सुटते. तुमी दर उन्हाळ्यात देसाल, काका. एखाद्या उन्हाळ्यात नाही जमलं, मंग?"

पहिल्या वर्षी त्याला जमलं नव्हतंच. प्रशिकने दारातून हाक मारली आणि ती उठली.

आत तासभर बोलणी झाली. दाव्यातल्या रकमेच्या निम्म्याहून थोडं जास्त, दिवाळीपर्यंत, एकरकमी. दिवाळीपर्यंत न दिल्यास दावा पुढे चालेल. तडजोडीच्या कागदावर जयाचीही सही लागणार होती, कारण पट्ट्यावर तिचंही नाव. मध्यस्थ म्हणून बसलेल्या वयस्कर वकिलांनी सगळ्यांचे आभार मानले आणि दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवल्याचं सांगितलं. प्रशिकने जाताना रविंद्रकडे पाहिलं नाही. पाहणं त्यालाही जड गेलं असावं.

गुरुजींना घरी सोडून रविंद्र वस्तीत पोचला तेव्हा चार वाजत होते. गल्लीतले कूलर सगळीकडे घुमत होते, माणूस बाहेर दिसत नव्हता. जया शाळेतून येऊन फरशीवर आडवी झाली होती. पाणी पिऊन त्याने जे ठरलं ते क्रमाने सांगितलं. गुरुजी काय बोलले, रोशनी काय बोलली, दिवाळीची मुदत. सही लागेल, असं शेवटी सांगितलं.

जया उठून बसली. तिने प्रथम विचारलं ते राहायचं कुठे. भाड्याने, तो म्हणाला. कोणत्या भाड्याने? याच वस्तीत भाडं कुठे पोचलं आहे, ते तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण इतकी वर्षं वरच्या खोलीचं भाडं तीच ठरवायची. देणं भागल्यावर उरेल ते पैसे किती महिने पुरतील, याचा हिशेब तिने तोंडी केला आणि मध्येच सोडून दिला.

"साऱ्या वस्तीत खरं बोलाचा ठेका तुमीच घेतला होता का?" तिने विचारलं.

"मी खोटं बोललो असतो त तू मले घरात घेतलं असतं का?"

जयाने वर छताकडे पाहिलं. वरच्या खोलीत आता कुणी राहत नाही. दावा चालू असल्याचं कळलं की भाडेकरू परत जातात, आणि गल्लीतली पोरं त्या गॅलरीला करंटवाली गॅलरी म्हणतात.

"तेव्हा नसतं घेतलं," जया म्हणाली. "आज घेतलं असतं."

मग ती चहा ठेवायला उठली. साखर संपली होती. तिने शेजारी न मागता बिनसाखरेचा केला आणि दोघांनी तो घेतला.

पाचच्या सुमाराला रविंद्रने दलालाला फोन लावला. वस्तीत घरं विकून देणारा हा माणूस त्याच्या ओळखीचा होता, त्याच्या घरचे दोन्ही कूलर रविंद्रच बघतो. दलालाने घर कोणतं ते विचारलंच नाही, त्याला ठाऊक होतं. भाव कमी येईल, असं तो आधीच म्हणाला. लोक विचारतात, तिथे काय झालं होतं. रविंद्र म्हणाला, सांगून टाक. दलाल हसला आणि म्हणाला, तुम्ही नका बोलू भाऊ, या वेळी मी बोलतो. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. एक गिऱ्हाईक आहे, कळमना बाजारात हमालीचं काम बघतो, रोख देणारा आहे. त्याला सकाळचाच वेळ आहे, दुपारी तो सापडत नाही.

रविंद्रने उद्याच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. दोघांनी दुपारनंतर चालेल म्हटलं. एकीने दुसरा मिस्त्री बघते असं सांगितलं. मेकोसाबागच्या बाईंच्या घरी तान्हं बाळ होतं, त्या थांबायला तयार नव्हत्या.

त्यामुळे उद्या पहिला कूलर सव्वासहाऐवजी साडेपाचला आहे, मेकोसाबागेत. सात वाजता दलाल माणूस घेऊन घर बघायला येईल.